कोणती पिशवी?

माणिकराव सोनकांबळे मंगळवारी पहाटे देगलूरला राहत्या घरी वारले. वय पंचाहत्तरच्या पुढे होतं. नक्की किती, ते घरच्यांनाही सांगता आलं नाही. दाखल्यावरची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने घातलेली होती. फुफ्फुसाचा जुना विकार होता. सारी नोकरी त्यांनी एक्स-रे टेक्निशियन म्हणून केली, आधी नांदेडला आणि नंतर लातूरला.

माझी त्यांची ओळख लातूरची. लातूर वेगळा जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. नांदेडच्या एका दैनिकाने मला नव्या जिल्ह्याचा वार्ताहर म्हणून तिकडे धाडलं होतं. कचेऱ्या नव्या होत्या, पाट्यांचा रंग ओला होता, आणि पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात माझी रोजची बातमी ठरलेली असे. कोणत्या गावाला टँकर गेला आणि कोणत्या गावाला गेला नाही.

डाळमिलवाल्या काही कुटुंबांनी मिळून चालवलेला एक दवाखाना तेव्हा बाजाराच्या मागच्या बाजूला होता. आता नाही. तिथे टँकर येत नाही अशी तक्रार आली म्हणून मी गेलो. व्हरांड्याच्या टोकाला एक्स-रेची खोली होती. दारावर कोळशाने लिहिलं होतं, ‘आत विष आहे. प्यायचे पाणी नाही.’ मी लिहून घेतलं. तेवढ्यात आतून एक काळासावळा, हडकुळा माणूस बाहेर आला आणि म्हणाला, “लिहून घ्या, पण खालची ओळ बी घ्या.” खाली बारीक अक्षरात होतं, ‘खोटे वाटत असल्यास वास घेऊन पाहावा.’

त्यामागची हकीकत अशी. फोटो धुण्यासाठी अंधाऱ्या खोलीत रसायनाची दोन टाकी असतात आणि तिसरं टाकं साध्या पाण्याचं. आदल्या आठवड्यात एका पेशंटच्या भावाने दाराच्या फटीतून ती टाकी पाहिली आणि व्हरांड्यात आरडाओरडा सुरू केला.

“आत हौद भरून ठिवलेत! अन् आमच्या लेकरायला थेंब न्हाई!”

माणिकरावांनी वाद घातला नाही. त्याला हाताला धरून आत नेलं आणि पहिल्या टाक्यावरचं झाकण काढलं. तो माणूस खोकत बाहेर आला.

“पितोस का?” माणिकरावांनी विचारलं.

“न्हाई मामा. तुम्हीच प्या.”

त्यांच्या काही सवयी मला त्या पहिल्या दिवशीच दिसल्या. फोटो घेताना पेशंटला श्वास धरायला सांगावं लागतं, नाहीतर फोटो हलतो. माणिकराव ते चार भाषांत सांगत. तीन राज्यांच्या सीमेवरच्या देगलूरचे असल्यामुळे त्यांना ते जड नव्हतं. मराठीत “श्वास धरा”, मुसलमान पेशंटला “दम रोको”, औराद-बिदरकडच्याला कानडीत “उसिरु हिडी”, आणि बोधनकडच्याला तेलुगूत “ऊपिरि पट्टु”. पेशंटबरोबर ते स्वतःही श्वास धरत. हे त्यांना माहीत नव्हतं. आयाबाई शेवंताबाईंनी मला दाखवलं. एकदा उदगीरचा एक म्हातारा श्वास धरून पडलेला असताना माणिकरावांना डॉक्टरांनी हाक मारली. ते परत आले तेव्हा म्हातारा लालबुंद झाला होता.

“सोडायचा की, आजोबा!”

“तुम्ही सोडा म्हणलं न्हाई.”

दुसरी सवय चष्म्याची. फिल्म उजेडाला धरून पाहून झाली की ते ती पाकिटात घालत आणि पाकिटावर चष्मा उघडाच ठेवत. काड्या मिटलेला चष्मा पाकिटावर असला तर फिल्म अजून पाहायची आहे. शेवंताबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण कोणतं पाकीट उचलायचं हे त्यांना त्या चष्म्यावरून कळे. चष्मा एकच असल्यामुळे एका वेळी एकच पाकीट उचललं जाई. त्यावरून डॉक्टर चिडत. माणिकराव बदलले नाहीत.

तिसरी गोष्ट सवय म्हणावी की नाही, मला ठरवता आलेलं नाही. ते ‘पिशवी’ हा शब्द एकटा कधी वापरत नसत. आमच्याकडे बाई पिशवी म्हणते तेव्हा बहुतेक वेळा गर्भाशय म्हणायचं असतं. पिशवीला सूज, पिशवीत गाठ, पिशवी काढली. लघवी साठते तीही पिशवीच. माणिकराव दर वेळी पूर्ण म्हणत, ‘लघवीची पिशवी’, ‘गर्भाची पिशवी’. समोरच्याने नुसतं पिशवी म्हटलं की ते हातातलं काम थांबवून विचारत, “कोणती पिशवी?” डॉक्टरांनाही विचारत. दवाखान्यात त्यांना मागून ‘कोणती पिशवी’ म्हणूनच ओळखत.

त्या उन्हाळ्यात लघवीतून रक्त जाणारे पेशंट बरेच येत होते. लोक त्याला उन्हाळी लागली म्हणत. पाणी कमी, ऊन जास्त, म्हणून उन्हाळी. घरोघर पळसाची फुलं भिजवून त्याचं पाणी पीत. माणिकराव फॉर्म भरताना एकच प्रश्न विचारत, “दुखतं का?” पेशंट कळवळून हो म्हणाला की ते सैल होत. “मुतखडा असंल. निघंल.” पण कोणी “अजिबात न्हाई, नुसतं लाल जातं, मग आपोआप बंद होतं,” म्हणाला की ते खुर्ची ओढून समोर बसत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “दुखणारं रक्त माणूस दाखवायला येतो. न दुखणारं घरी ठेवतो. मग उशीर होतो.”

अशा पेशंटची तपासणी तेव्हा आयव्हीपीने होई. हाताच्या शिरेतून औषध देत. ते किडनीतून नळ्यांत आणि नळ्यांतून लघवीच्या पिशवीत उतरे. एक्स-रेत ते पांढरं दिसतं. थोड्या थोड्या वेळाने फोटो घेत गेलं की औषध कुठे अडतं, कुठे पांढऱ्यात काळी जागा सुटते, ते कळतं. सोनोग्राफीचं मशीन त्या दवाखान्यात नव्हतं. माणिकराव पाच-सहा फोटो घेत. शेवटचा फोटो पेशंट लघवी करून आल्यावर, रिकाम्या पिशवीचा. पण प्रत्येक फिल्म वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवावी लागे. टंचाई सुरू झाल्यावर दवाखान्याच्या ट्रस्टने लेखी हुकूम काढला की एका पेशंटला चारच फिल्म. शेवटचा फोटो त्यात बसत नव्हता.

मी टँकरच्या चौकशीला दुसऱ्यांदा गेलो तो बुधवार होता. सोलापूरहून सर्जन बुधवारी दुपारी येत आणि गुरुवारी ऑपरेशनं करून परत जात. देवणीकडच्या सरूबाई नावाच्या एक बाई ऑपरेशनच्या आधीचा छातीचा फोटो काढायला आल्या होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरची शेती, जनावरं. बरोबर मुलगा होता. मी बाकावर बसलेलो होतो.

“कशाचं ऑपरेशन, माय?” माणिकरावांनी विचारलं.

“पिशवीचं.”

“कोणती पिशवी?”

सरूबाईंनी मुलाकडे पाहिलं. “आता पिशवी एकच असती की, बाबा.”

“काय होऊन राहिलं तुम्हाला?”

“अंगावर जातं. लाल. दोन साल झाले. मधी बंद होतं, पुन्हा जातं.”

“दुखतं?”

“न्हाई. दुखलं असतं तर आधीच आले असते. गाय सोडून कोण येतंय?”

“पाळी?”

मुलगा उठून बाहेर गेला. सरूबाई म्हणाल्या, “ती कवाच गेली.”

माणिकरावांनी आणखी काही विचारलं नाही. शेवंताबाईंना बोलावून सलाइनची रिकामी काचेची बाटली आणि कापूस दिला. कापूस कुठे ठेवायचा आणि बाटलीत काय आणायचं, हे शेवंताबाईंनी सरूबाईंना मोरीत नेऊन सांगितलं. दहा मिनिटांनी दोघी आल्या. कापूस पांढरा होता. बाटलीतली लघवी लाल होती.

ती बाटली घेऊन माणिकराव सर्जनच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

“सोनकांबळे, तुमचं काम फोटो काढायचं.”

“फोटोच काढतो, साहेब. कोणत्या पिशवीचा, तेवढं लिहून द्या.”

आतून कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर्जन म्हणाले, “उद्या दहा वाजेपर्यंत आयव्हीपी करा. काही निघालं नाही तर ऑपरेशन ठरल्याप्रमाणे. मला दोनची गाडी आहे.”

बाहेर आल्यावर माणिकराव मला म्हणाले, “पाण्याचं लिहा. हे लिहू नका.” तेव्हा मी लिहिलं नाही.

गुरुवारी सकाळी टँकर आला नाही. छतावरची टाकी कोरडी होती. मी सातला पोचलो तेव्हा माणिकराव सायकलवरून येत होते. कॅरिअरला दोन घागरी बांधलेल्या, हँडलला डबा. मागून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई डोक्यावर हंडा घेऊन चालत येत होत्या. दोन दिवसांचं घरचं पाणी होतं.

“घरी प्यायला न्हाई,” लक्ष्मीबाई मला सांगत होत्या, “अन् ह्यांच्या फोटोला तहान लागली.”

“फोटो पीत न्हाई. आंघोळ करतो,” माणिकराव म्हणाले.

“मग तुमच्यापेक्षा फोटोच बरा. आठ दिवस झाले तुम्ही केली न्हाई.”

औषध टोचायला तिथले तरुण डॉक्टर होते. माणिकरावांनी सरूबाईंना आधी सांगितलं, “अंग गरम होईल, तोंडाला लोखंडाची चव येईल. घाबरायचं न्हाई.” पहिले तीन फोटो झाले. दोन्ही किडन्या नीट दिसल्या, नळ्या नीट. चौथा भरलेल्या पिशवीचा. ती सगळी सारखी पांढरी होती, उन्हात ठेवलेल्या पितळी तांब्यासारखी. त्यात काही वेगळं दिसत नव्हतं. सर्जननी ओली फिल्म खिडकीला धरली.

“काही नाही. बाईंची तयारी करा.”

“साहेब, रिकामीचा राहिला.”

“चार झाल्या ना?”

“झाल्या.”

“पाणी आहे का धुवायला?”

“अर्धा हंडा हाय.”

सर्जननी घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. “दहापर्यंत,” ते म्हणाले.

सरूबाईंना लघवीला पाठवलं. त्या आल्या, टेबलावर झोपल्या. माणिकराव काचेमागे गेले. “श्वास घ्या. धरा.” त्यांनीही धरला. “सोडा.” मग ते अंधाऱ्या खोलीत गेले आणि दार लागलं. व्हरांड्यात सरूबाईंचा मुलगा येरझाऱ्या घालत होता. ऑपरेशन आज झालं नाही तर पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागणार, आणि जनावरं चारा छावणीत न्यायची होती. तो मला म्हणाला, “पिशवी काढायची तर काढा म्हणावं. फोटो काय कमी काढले?”

दहाला पाच मिनिटं असताना दार उघडलं. फिल्मवरून पाणी ठिबकत होतं. पिशवीत थोडं औषध उरलं होतं, पसरट, पांढरं. त्याच्या डाव्या कडेला जांभळाएवढी काळी जागा होती. सर्जननी ती दोनदा पाहिली. मग फॉर्मवरचं ऑपरेशनचं नाव खोडलं आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यासाठी दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली.  जाताना दारात थांबून माणिकरावांना म्हणाले, “लघवीची पिशवी असं पूर्ण लिहिलंय मी. बघून घ्या.”

सर्जन पाहून गेले तरी माणिकरावांनी फिल्म पुन्हा पाण्यात घातली. हंड्यात उरलेलं पाणी त्यांनी थोडं थोडं करून तिच्यावर ओतलं. लक्ष्मीबाई बघत होत्या.

“आता कशाला? दिसलं की.”

“आज दिसलं. नीट न्हाई धुतली तर धा सालात पिवळी पडती. ह्या बाईला त्याच्यापेक्षा जास्त जगायचंय.”

हंड्याच्या तळाला राहिलेलं दोन पेले पाणी त्यांनी सरूबाईंना दिलं. पाणी कोणाच्या घरचं आहे हे मुलाला माहीत झालं होतं. तो म्हणाला, “आई, आपण बाहेर घेऊ.” सरूबाई उपाशी होत्या. “बाहेर कुठं हाय?” म्हणाल्या आणि दोन्ही पेले प्यायल्या.

माझ्या पेपरात दुसऱ्या दिवशी बातमी आली ती दवाखान्याला टँकर नसल्याची. तिसऱ्या दिवशी टँकर आला.

सरूबाई सोलापूरला लगेच गेल्या नाहीत. जनावरं छावणीत गेल्यावर, दीड महिन्याने गेल्या. दुर्बिणीतून गाठ काढली. गर्भाची पिशवी जागेवर राहिली. पुढे तीन वर्षं दर उन्हाळ्यात त्या तपासणीला माणिकरावांकडे येत. येताना खरवस आणत. प्रवासात तो फुटून पाणी होई, तरी आणत. चौथ्या वर्षी दवाखान्याचा एक्स-रे विभाग बंद पडला. माणिकराव काही दिवस नांदेडला एका खाजगी ठिकाणी होते, मग देगलूरला गेले. माझी बदली झाली. वर्षातून एखादं पत्र, नंतर एखादा फोन.

त्यांना शेवटचं पाहिलं ते महिन्यापूर्वी, नांदेडला. छातीचा फोटो काढायला त्यांची मुलगी संघमित्रा घेऊन आली होती, आणि मला त्यांनी फोन करून बोलावलं होतं. आता अंधारी खोली नसते. फिल्म धुवावी लागत नाही. फोटो लगेच पडद्यावर येतो. टेक्निशियन एक मुलगी होती. तिने आतून सांगितलं, “काका, श्वास धरा.” माणिकरावांनी धरला. फोटो हलला. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा हलला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “राहू द्या काका, जमेल तेवढा धरा.” बाहेर येऊन ते बाकावर बसले. 

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लातूरला येण्याआधीची, नांदेडची. कंधारकडची एक बाई होती. लघवीतून रक्त जात होतं, दुखत नव्हतं. माणिकरावांनी आयव्हीपी केली. गाठ दिसली. फिल्म वाचणारे मोठे डॉक्टर रजेवर होते. बाईचा नवरा म्हणाला, गावाकडच्या डॉक्टरला दाखवायला मराठीत दोन शब्द लिहून द्या. माणिकरावांनी फॉर्मच्या कडेला लिहून दिले. “पिशवीत गाठ आहे.”

“फॉर्मवर जागा कमी होती,” ते म्हणाले. “लघवीची हा शब्द बसत नव्हता.”

त्या शब्दांवर बाईची गर्भाची पिशवी काढली गेली. वर्षाने ती परत आली तेव्हा किडनीला सूज होती आणि उपाय राहिला नव्हता. तिने माणिकरावांना विचारलं होतं, “पिशवी तर काढली हो अण्णा. मग लाल कुठून येऊन राहिलं?”

मी तिचं नाव विचारलं. “लिहून ठिवलंय माझ्यापाशी,” म्हणाले. सांगितलं नाही. नंतर म्हणाले, “तुम्ही बातमीदार माणूस. देवणीच्या त्या बाईचं पुढं काय झालं, बघता का? तीन सालाचं मला ठाऊक हाय. पुढचं न्हाई. तीन सालात काय कळतं?”

ते वारले त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी देवणीला गेलो. सरूबाईंचं गाव तिथून पुढे होतं. घर सापडायला दुपार झाली. सरूबाई गोठ्याच्या सावलीला बाजेवर बसलेल्या होत्या. कान गेलेले, नजर बरी. त्यांना फोटोवाले अण्णा आठवत होते. मी मोठ्याने विचारलं, लाल पुन्हा कधी गेलं का? सून हसायला लागली. सरूबाई म्हणाल्या, “न्हाई. त्याच्यानंतर कवाच न्हाई.” मुलाने पत्र्याच्या पेटीतून पाकीट काढलं. पाचवी फिल्म त्यात होती. मी ती उजेडाला धरली. पांढरं पांढरं होतं आणि काळं काळं. पिवळी पडलेली नव्हती.

संध्याकाळी देवणीच्या स्टँडवरून मी देगलूरला फोन केला. संघमित्राने उचलला. बाबा झोपलेत, खूप दिवसांनी झोप लागली आहे, उठवत नाही, म्हणाली. मी निरोप सांगितला. तिने तो कागदावर उतरवून घेतला आणि मला वाचून दाखवला, “सरूबाई आहेत. लाल नाही. फिल्म पिवळी पडली नाही.” कागद उशाशी ठेवते म्हणाली.

मंगळवारी दुपारी मी देगलूरला पोचलो. बुद्धवंदना होऊन अंत्ययात्रा निघायची होती. सकाळी सहाला मी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं, असं संघमित्राने सांगितलं. त्याआधी ते कधी उठले असले तर कोणाला माहीत नाही. उशाजवळच्या स्टुलावरच्या वस्तूंना तोवर कोणी हात लावलेला नव्हता. स्टुलावर पाण्याचा तांब्या होता आणि कागद होता. कागदावर चष्मा होता. त्याच्या काड्या उघड्या होत्या.